डेव्हिड फुलदाण्या (१३५१) : लेख, रंग आणि नाव

१. प्रस्तावना

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील ९५ क्रमांकाच्या दालनात निळ्या-पांढऱ्या पोर्सेलीनच्या दोन उंच फुलदाण्या शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत. प्रत्येकीची उंची ६३ सेंटीमीटरहून थोडी अधिक आहे. कलेतिहासात त्या ‘डेव्हिड फुलदाण्या’ या नावाने ओळखल्या जातात. चिनी मृत्पात्रकलेवरील जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात त्यांचे छायाचित्र असते आणि त्याखाली एक वर्ष छापलेले असते : १३५१.

विद्यार्थी हे वर्ष पाठ करतात आणि पुढे जातात. या पाठात आपण तेथे थोडे थांबणार आहोत. फुलदाणीवर लेख आहे म्हणून ती प्रसिद्ध झाली, हे खरे आहे. पण त्या लेखातून अभ्यासकांनी मुख्यतः तारीख उचलली. लेख कोणी लिहवून घेतला, कशासाठी, आणि ज्या चित्रकामाच्या मध्ये तो लिहिला आहे ते चित्रकाम कसे आहे, हे प्रश्न परिचयपर लेखनात मागे पडतात. एखादी कलावस्तू पुरावा म्हणून फार उपयोगी ठरली की तिच्याकडे कलावस्तू म्हणून पाहणे कमी होते. या फुलदाण्या त्याचे चांगले उदाहरण आहेत.

२. ‘चिनी माती’ हा शब्द

सुरुवातीला एक शब्द स्पष्ट करून घेऊ. मराठीत आपण ‘चिनी माती’ म्हणतो, हिंदीत ‘चीनी मिट्टी’ म्हणतात. हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. लोणच्याची जाड, तपकिरी-पांढरी बरणी आणि चहाचा पातळ कप या दोन्हींना आपण चिनी मातीचेच म्हणतो. बरणी बहुधा पक्क्या भाजणीच्या दगडी मातीची, म्हणजे स्टोनवेअरची असते. तिचा तुटलेला तुकडा पाहिला तर आतून तो करडा किंवा पिवळसर दिसतो. पोर्सेलीनचा तुकडा आतूनही पांढरा असतो आणि पातळ असेल तर त्यातून उजेड झिरपतो.

पोर्सेलीन तयार होण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे केओलिन ही पांढरी माती आणि दुसरी म्हणजे कुटून बारीक केलेला एक विशिष्ट खडक, ज्याला पोर्सेलीन-दगड म्हणतात. केओलिनमुळे भांडे उष्णतेत आकार टिकवून धरते. दगडातील घटक वितळून कणांच्या मधली जागा काचेसारखी भरून काढतात. त्यासाठी भट्टीचे तापमान सुमारे १३०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावे लागते. चीनच्या जियांग्सी प्रांतातील जिंगदेजेन या गावाच्या आसपास हे दोन्ही पदार्थ आणि भट्टीसाठी लागणारे लाकूड उपलब्ध होते. मंगोल राज्यकर्त्यांनी, म्हणजे युआन राजवटीने, १२७८ मध्ये या भागात पोर्सेलीनसाठी सरकारी कचेरी स्थापन केली. आपल्या फुलदाण्या याच जिंगदेजेनच्या आहेत.

३. फुलदाणीवर काय दिसते?

आता वरून खाली नजर फिरवू. फुलदाणीचे पृष्ठ आडव्या पट्ट्यांत विभागलेले आहे.

तोंडाजवळ शेवंतीच्या फुलांची वेल आहे. त्याखाली मानेवर केळीची उभी पाने आहेत. त्याखाली ढगांमध्ये उडणारे फिनिक्स पक्षी. खांद्यावर कमळाची वेल. मग सर्वांत रुंद भागात, फुलदाणीच्या पोटावर, ढगांतून जाणारा लांबलचक ड्रॅगन. त्याला खवले, दाढी आणि प्रत्येक पंजाला चार नख्या आहेत. ड्रॅगनच्या खाली लाटा. त्याखाली पिओनी या मोठ्या, भरगच्च पाकळ्यांच्या फुलाची वेल. अगदी खाली पाकळ्यांच्या आकाराच्या चौकटी आणि त्यांत शुभचिन्हे.

मानेच्या दोन्ही बाजूंना हत्तीच्या मस्तकाच्या आकाराचे कान, म्हणजे मुठी आहेत. त्यांत पूर्वी कड्या अडकवलेल्या होत्या, त्या आता नाहीत. भारतीय विद्यार्थ्याला हत्ती दिसताच भारताचा प्रभाव आठवण्याचा मोह होतो. तो आवरावा. या फुलदाण्यांचा एकूण घाट चीनमधील जुन्या कांस्यपात्रांच्या परंपरेतून आलेला आहे, आणि कडीसाठी प्राण्याच्या मस्तकाचा कान करणे ही त्या कांस्यपात्रांचीच रीत आहे. म्हणजे कुंभार येथे धातूच्या पूजापात्राची प्रतिष्ठा मातीला देऊ पाहत आहे.

४. निळा रंग

फुलदाणीवरील निळा रंग कोबाल्टच्या खनिजाचा आहे. खनिज भाजून, वाटून पाण्यात कालवले जाते आणि कच्च्या, वाळलेल्या भांड्यावर कुंचल्याने रंगवले जाते. त्यावर पारदर्शक झिलई दिली जाते आणि मग एकाच भाजणीत माती, रंग आणि झिलई पक्की होतात. यालाच झिलईखालचे रंगकाम म्हणतात.

या पद्धतीत दोन अडचणी असतात. कच्चे भांडे पाणी ताबडतोब शोषते, त्यामुळे कुंचला टेकला की रेघ पक्की होते. ती पुसून पुन्हा काढता येत नाही. दुसरे असे की रंगवताना हे मिश्रण काळसर दिसते. निळा रंग भट्टीतून बाहेर आल्यावरच कळतो. फुलदाणीवरच्या ड्रॅगनचे खवले किंवा लाटांच्या रेषा पाहताना हे ध्यानात ठेवावे. चित्रकाराने ते निळे काम निळे न पाहता केले आहे.

युआन काळातील उत्तम भांड्यांसाठी वापरलेल्या कोबाल्टमध्ये लोहाचे प्रमाण जास्त आणि मँगनीजचे कमी आढळते. चीनमधील स्थानिक खनिजात मँगनीज जास्त असते. त्यामुळे हा रंग पश्चिमेकडून, इराणच्या बाजूने आयात झाला असे मानले जाते. रंग जेथे दाट बसतो तेथे काळसर ठिपके उमटतात. पुढच्या काळातील कारागिरांनी या ठिपक्यांची मुद्दाम नक्कल केली, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

५. लेख काय सांगतो?

मानेवरच्या केळीच्या पानांमध्ये चिनी अक्षरांचा उभा लेख आहे. तो दोन्ही फुलदाण्यांवर आहे. त्याचा आशय असा : शिनजोउ विभागातील युशान परगण्यात राहणारा झांग वेनजिन हा भक्त एक धूपपात्र आणि दोन फुलदाण्या असा संच सेनापती हू जिंगयी या देवतेला अर्पण करीत आहे. कुटुंबाचे रक्षण व्हावे आणि मुलाबाळांना सुख लाभावे ही त्याची प्रार्थना आहे. शेवटी काळ दिला आहे : झिझेंग या राजकीय कालखंडाचे अकरावे वर्ष, चौथा महिना, शुभ दिवस. हे अकरावे वर्ष म्हणजे इसवी सन १३५१.

हा दानलेख आहे. भारतीय विद्यार्थ्याला हा प्रकार अपरिचित नाही. सांचीच्या कठड्यांवर, कार्ल्याच्या लेण्यातील खांबांवर असेच लेख आहेत. दात्याचे नाव, त्याचे गाव, दिलेली वस्तू, आणि कित्येकदा दानाचा हेतू. कार्ल्याला वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे, धेनुकाकट येथील यवनांची नावे आहेत. अशा लेखांमुळेच आपल्याला कळते की ही मोठी कामे केवळ राजांच्या पैशाने झाली नाहीत. व्यापारी, भिक्षुणी, कारागीर यांनीही ती उभी केली. झांग वेनजिनही असाच दाता आहे. तो सम्राट नाही आणि दरबारी अधिकारी म्हणून आपली ओळख देत नाही. जिंगदेजेनपासून सुमारे १२० किलोमीटरवरच्या परगण्यातला एक सधन, श्रद्धाळू कुटुंबप्रमुख म्हणून तो आपल्यासमोर येतो.

येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. देवळातील समईवर किंवा घंटेवर दात्याचे नाव बहुधा वस्तू तयार झाल्यावर कोरले जाते. शाहजहानच्या संग्रहातील काही चिनी थाळ्यांवरही त्याचे नाव असेच नंतर कोरलेले आहे. त्या नावावरून थाळी कोणाकडे होती हे कळते, पण ती केव्हा बनली हे कळत नाही. डेव्हिड फुलदाण्यांवरचा लेख मात्र झिलईच्या खाली आहे. चित्र, लेख आणि भांडे एकाच भाजणीतून बाहेर पडले आहेत. म्हणून लेखातील तारीख ही फुलदाणीची जन्मतारीख मानता येते. शिवाय या फुलदाण्या बाजारातून विकत घेतलेल्या नसून मागणीनुसार बनवून घेतलेल्या आहेत, हेही त्यातून सिद्ध होते.

६. तारखेचा उपयोग आणि तिची मर्यादा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत उत्तम निळे-पांढरे पोर्सेलीन म्हणजे मिंग राजवटीचे, अशी संग्राहकांची सर्वसाधारण समजूत होती. १९२९ मध्ये ब्रिटिश म्युझियममधील तज्ज्ञ आर. एल. हॉब्सन यांनी या जोडीतील एका फुलदाणीविषयी लेख प्रसिद्ध केला, पण त्याचा परिणाम लगेच झाला नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेतील फ्रीअर गॅलरीचे जॉन अलेक्झांडर पोप यांनी इस्तंबूलच्या टोपकापी राजवाड्यातील आणि इराणमधील अर्दबील दर्ग्यातील संग्रह तपासले. अर्दबीलचा अकराशेहून अधिक भांड्यांचा संग्रह शाह अब्बासने १६११ मध्ये दान दिलेला होता. पोप यांनी तेथील काही भांड्यांची नक्षी, पट्ट्यांची मांडणी आणि रेखाटन डेव्हिड फुलदाण्यांशी ताडून पाहिले आणि चौदाव्या शतकाच्या मध्याचा एक स्वतंत्र गट वेगळा काढला. पुढे या गटाला ‘झिझेंग शैली’ हे नाव रूढ झाले.

ही पद्धत मोठ्या उपयोगाची ठरली. तिचा संबंध आपल्या देशाशीही आहे. दिल्लीच्या फिरोजशाह कोटला परिसरात १९६० च्या दशकात युआन काळातील चिनी भांड्यांचा मोठा साठा तुकड्यांच्या रूपात मिळाला. त्यात निळ्या-पांढऱ्या थाळ्या आणि वाडगे बहुसंख्य होते. फिरोजशाह तुघलक गादीवर आला ते वर्षही १३५१ हेच आहे. त्याची राजवट १३८८ पर्यंत चालली. दिल्लीच्या त्या थाळ्यांवरील कमळ, पिओनी आणि लाटा कोणत्या काळातील हे सांगताना अभ्यासकाला शेवटी लंडनमधील या दोन फुलदाण्यांकडेच वळावे लागते.

पण या पद्धतीच्या मर्यादा समजून घेतल्या पाहिजेत. पहिली मर्यादा ही की १३५१ हा एक बिंदू आहे, आरंभ नव्हे. ‘जगातील सर्वांत जुनी निळी-पांढरी फुलदाणी’ असे वर्णन काही ठिकाणी वाचायला मिळते, ते चुकीचे आहे. इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ बुडालेल्या नवव्या शतकातील जहाजात कोबाल्टने रंगवलेल्या तीन चिनी थाळ्या मिळाल्या आहेत. शिवाय डेव्हिड फुलदाण्यांचे काम इतके सफाईदार आहे की त्यामागे बराच सराव असला पाहिजे, हे उघड आहे.

दुसरी मर्यादा तर्काची आहे. फुलदाणीसारखे दिसते म्हणून एक भांडे १३५१ च्या आसपासचे ठरते. त्या भांड्यासारखे दिसते म्हणून तिसरे ठरते. असे करता करता गट वाढतो, पण प्रत्यक्ष तारीख असलेला पुरावा मात्र मूळ जोडीचाच राहतो. म्हणून दिल्लीसारख्या ठिकाणचा उत्खननाचा पुरावा मोलाचा आहे. तो शैलीच्या तुलनेपासून वेगळा, जागेवरून मिळणारा काळ सुचवतो. तारीख ठरवण्याची ही चर्चा केवळ अभ्यासकांपुरती राहत नाही. जुलै २००५ मध्ये लंडनच्या क्रिस्टीज या लिलावसंस्थेत युआन काळातील एक निळा-पांढरा रांजण सुमारे १ कोटी ५७ लाख पौंडांना विकला गेला. ‘युआन’ या एका शब्दाची ही किंमत आहे. म्हणून शैलीवरून तारीख सांगणाऱ्या कोणत्याही विधानाचा आधार काय, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांनी लावून घ्यावी.

७. ‘गर्दी’चा आक्षेप

आता सौंदर्यविचाराकडे वळू. १३८८ मध्ये चाओ झाओ या चिनी रसिकाने जुन्या वस्तूंच्या पारखीवर ‘गेगू याओलुन’ हा ग्रंथ लिहिला. त्यात निळ्या-पांढऱ्या आणि बहुरंगी भांड्यांना त्याने अगदी हलक्या अभिरुचीची ठरवले आहे. त्याच्या डोळ्यांसमोर सोंग काळातील भांडी होती. त्यांत नक्षी थोडी, आकार शांत आणि झिलईचा रंग हेच सौंदर्य. ते मानदंड लावले तर डेव्हिड फुलदाणी गजबजलेली वाटते. शेवंती, केळ, फिनिक्स, कमळ, ड्रॅगन, लाटा, पिओनी आणि शुभचिन्हे, एवढे सगळे एका भांड्यावर! श्वास घ्यायला मोकळी जागाच नाही.

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. फुलदाणी जवळून पाहिली तर खांद्यावरची कमळवेल आणि खालची पिओनीची वेल एकमेकींशी स्पर्धा करतात. हत्तीचे कानही बारीक मानेला जड वाटतात.

पण चाओ झाओचा मानदंड हातात घेऊन पाहायच्या वस्तूंसाठी आहे. अभ्यासिकेत बसलेला विद्वान एक वाडगा उचलतो, फिरवतो, झिलईवरचा उजेड पाहतो. डेव्हिड फुलदाण्या वेदीसाठी होत्या. त्या समोरून, काही अंतरावरून, जोडीने पाहायच्या होत्या, आणि मध्ये धूपपात्र असायचे होते. त्या अंतरावरून पाहिले तर पट्ट्यांची योजना समजू लागते. बारीक फुले एकत्र होऊन फिकट निळे पट्टे होतात आणि दोनच आकृती ठळक उरतात : मानेवर फिनिक्स आणि पोटावर ड्रॅगन. सर्वांत रुंद जागा ड्रॅगनला दिलेली आहे, हा योगायोग नाही. त्याच्या खाली लाटा आहेत आणि भोवती ढग. त्यामुळे पाणी खाली, आकाश वर, असा एक क्रम तयार होतो. मानेवरची केळीची उभी पाने या सगळ्या आडव्या हालचालीला वर खेचतात आणि नजर फुलदाणीच्या तोंडाकडे, जेथे फुले ठेवली जायची तेथे नेतात.

दानलेखही याच उभ्या पानांमध्ये बसवला आहे. तो तळाशी लपवलेला नाही. देवतेच्या आणि देवळात येणाऱ्या लोकांच्या नजरेच्या पातळीवर तो आहे. दात्याची प्रार्थना हा नक्षीचाच एक भाग झाला आहे. मागणी देणाऱ्याची श्रद्धा, त्याचा थोडासा मिरवण्याचा भाव आणि कारागिराचे रचनाकौशल्य यांचा मेळ येथे बसतो. म्हणून या फुलदाणीची गर्दी हा दोष मानण्याऐवजी ती कोणत्या जागेसाठी केली आहे हे आधी विचारावे. समीक्षेत मानदंड निवडण्यापूर्वी वस्तूचा उपयोग पाहिला पाहिजे, एवढा धडा यातून घेता येतो.

८. जागतिक व्यापाराचे प्रतीक?

२०१० मध्ये ब्रिटिश म्युझियम आणि बीबीसी यांच्या ‘ए हिस्टरी ऑफ द वर्ल्ड इन १०० ऑब्जेक्ट्स’ या मालिकेत या फुलदाण्यांना ६४ वे स्थान मिळाले. तेव्हापासून इराणचा कोबाल्ट, चीनची माती आणि मंगोल साम्राज्याचे मार्ग यांची ही एकत्रित कथा विशेष लोकप्रिय झाली आहे. निळे-पांढरे पोर्सेलीन पश्चिम आशियाच्या बाजारासाठी मोठ्या प्रमाणात तयार झाले, हे अर्दबील, इस्तंबूल आणि दिल्लीच्या मोठ्या थाळ्यांवरून स्पष्ट दिसते.

पण प्रस्तुत फुलदाण्या निर्यातीच्या नव्हत्या. त्या जिंगदेजेनच्याच प्रदेशातील एका भक्ताने स्थानिक देवतेसाठी करवून घेतल्या. जागतिक व्यापाराचे प्रतीक म्हणून जी वस्तू दाखवली जाते, तिला स्वतःला दूर जायचेच नव्हते. दूरचा रंग मात्र तिच्यापर्यंत आला होता. यातून एक वेगळा निष्कर्ष निघतो. १३५१ पर्यंत परदेशी कोबाल्टचे हे रंगकाम चीनमधील परगण्यातल्या लोकांनाही देवाला अर्पण करण्याइतके आपले वाटू लागले होते. दरबारी रसिकाला ते हलके वाटत असेल, पण झांग वेनजिनला ते शुभ वाटले. ‘निळे-पांढरे म्हणजे केवळ परदेशी गिऱ्हाइकांसाठी’ हे सरसकट विधान या दोन फुलदाण्या खोडून काढतात.

आणखी एक संदर्भ ध्यानात घ्यावा. १३५१ मध्येच युआन सत्तेविरुद्ध लाल फेटेवाल्यांचे बंड उसळले आणि १३६८ मध्ये ती राजवट संपली. कुटुंबाचे रक्षण आणि मुलाबाळांचे सुख ही लेखातील मागणी ठरावीक साच्यातली आहे. अशा साच्यातील शब्दांना त्या वर्षी वेगळे वजन आले असले पाहिजे.

९. नावाचा प्रश्न

शेवटी नावाविषयी. सर पर्सिव्हल डेव्हिड यांचा जन्म १८९२ मध्ये मुंबईत झाला. त्यांचे घराणे बगदादी ज्यू आणि मुंबईच्या कापड-उद्योगात नावाजलेले. पर्सिव्हल डेव्हिड यांनी चिनी भाषेचा अभ्यास केला, सुमारे १७०० वस्तूंचा संग्रह उभा केला आणि दोन वेगळ्या संग्राहकांकडे गेलेल्या या फुलदाण्या पुन्हा एकत्र आणल्या. ज्या ‘गेगू याओलुन’मध्ये निळ्या-पांढऱ्याला नावे ठेवली आहेत, त्याच ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद त्यांनी केला. तो त्यांच्या निधनानंतर, १९७१ मध्ये, प्रसिद्ध झाला. त्यांचा संग्रह २००९ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये मांडलेला आहे.

त्यांची विद्वत्ता आणि कष्ट नाकारण्याचे कारण नाही. जोडी पुन्हा जुळवणे हे मोठे काम होते. तरीही प्रश्न उरतोच. ज्या वस्तूवर दात्याने स्वतःचे नाव, गाव आणि हेतू झिलईखाली पक्का करून ठेवला, ती वस्तू आज मालकाच्या नावाने ओळखली जाते. धूपपात्र हरवल्यामुळे संचाची जोडी झाली, देवळातून बाहेर पडल्यामुळे पूजापात्राची कलावस्तू झाली आणि नावामुळे दानाचा संग्रह झाला. ज्यांनी कुंचला धरला त्यांचे नाव तर कोणत्याच टप्प्यावर लिहिले गेले नाही.

१०. समारोप

डेव्हिड फुलदाण्यांनी अभ्यासकांना एक तारीख दिली आणि त्या तारखेने चौदाव्या शतकातील निळ्या-पांढऱ्या पोर्सेलीनचा इतिहास उभा राहिला. हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र तारीख हा त्या लेखाचा शेवटचा भाग आहे. त्याच्या आधी एक माणूस, त्याचे गाव, त्याची देवता आणि त्याची मुलेबाळे आहेत. त्यांच्यासह लेख वाचला तर फुलदाणीची मांडणी, तिची गर्दी आणि तिचा रंग यांचा अर्थ अधिक नीट लागतो. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय किंवा हैदराबादचे सालारजंग म्युझियम येथील चिनी भांडी पाहण्याची संधी मिळाली तर पाटीवरचे वर्ष वाचून पुढे सरकू नका. हे भांडे कोठे ठेवण्यासाठी केले होते, हा प्रश्न आधी विचारा.

स्वाध्याय

१. झिलईखाली लिहिलेला लेख आणि नंतर कोरलेला लेख यांच्या पुराव्याच्या मोलात काय फरक आहे? उदाहरणांसह लिहा.

२. ‘डेव्हिड फुलदाण्या म्हणजे निळ्या-पांढऱ्या पोर्सेलीनचा आरंभ’ हे विधान का स्वीकारता येत नाही?

३. चाओ झाओच्या आक्षेपाचे तुमच्या शब्दांत परीक्षण करा. तुम्हाला तो कितपत पटतो?

४. तुमच्या परिसरातील देवळात, दर्ग्यात, चर्चमध्ये किंवा विहारात दात्याचे नाव असलेली एखादी वस्तू शोधा. तिच्यावरील मजकुराची झांग वेनजिनच्या लेखाशी तुलना करा.